चि. ओंकारला, त्या फितुरीच्या विषयावरून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद. रविवारी फोनवर तू सहज म्हणून गेलास की अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जे गुलाम इंग्रजांकडे पळाले ते एका अर्थी फितूरच की, आणि तेवढ्यात बाबांनी फोन घेतला त्यामुळे माझं बोलायचं राहिलं. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला हे असं सोडून देता येत नाही, म्हणून लिहितेय. निवांत वाच, ऑफिसात नको.

आपल्या मराठी माणसांचं असंच आहे, लढाई म्हटली की पहिला प्रश्न फितूर कोण. पण फितुरी करायला आधी माणूस कुणाच्या तरी बाजूचा असावा लागतो ना? ज्याला घोड्या-बैलांसोबत मालमत्तेच्या यादीत लिहिलंय त्याची बाजू कुठली?

तू राहतोस त्याच न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये एक गुलाम पोरगा काही काळ होता, बोस्टन किंग नावाचा. जन्म दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनजवळचा, साधारण 1760 चा. सोळाव्या वर्षी मालकाने त्याला शहरात सुताराकडे ठेवलं, तिथे दुसऱ्या कुणाच्या हातून काही चोरीला गेलं तरी मार याला, आणि मारही असा की पुढे कित्येक दिवस काम करता यायचं नाही. मग 1780 ला इंग्रजांनी चार्ल्सटन घेतलं. हा आईबापाला भेटायला गेलेला, त्यासाठी मागून आणलेला घोडा तिसराच कुणीतरी नेऊन बसला, आता घोड्याचा मालक आपली चामडी सोलणार हे कळलं आणि हा सरळ इंग्रजांच्या छावणीत गेला. राजावर प्रेम वगैरे काही नाही रे, घोड्यामुळे गेला! (हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, 1798 ला छापलंही गेलं.)

छावणीत त्याला देवी आल्या. इंग्रजांनी काय केलं, तर आजारी काळ्या माणसांना लांब नेऊन टाकलं, कधी कधी दिवसभर पाणीसुद्धा नाही. एक साधा शिपाई याला खायला-प्यायला आणून द्यायचा म्हणून हा वाचला. पुढे तोच शिपाई लढाईत जखमी झाला, तर किंग सहा आठवडे हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून राहिला, तो बरा होईपर्यंत. आता सांग, हा बेइमान? इमान होतंच की त्याच्याकडे, फक्त ते कुणाला द्यायचं हे तो स्वतः ठरवत होता. एकदा अडीचशे इंग्रज वेढ्यात सापडले तेव्हा निरोप घेऊन जीव मुठीत धरून हाच गेला, बक्षीस मिळालं तीन शिलिंग आणि गोड गोड आश्वासनं, त्याने जरा चिडूनच लिहिलंय ते.

नंतर तो न्यूयॉर्कला आला, तिथून बोटीवर कामाला गेला आणि अमेरिकनांच्या हाती सापडला, त्यांनी त्याला तुझ्या गावात आणलं. आणि ओंकार, इथला भाग मी दोनदा वाचला. नवा मालक चांगला होता. खायला मांस, दूध, सगळं व्यवस्थित, काही मालक तर गुलामांना रात्रीच्या शाळेतही पाठवायचे. पण त्याचं मन रमेना, स्वातंत्र्य नाही तर या सुखाचं काय करू असंच त्याचं चाललेलं. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो, पण ते मीठ पिकवलं कुणी हेही विचारायला हवं ना? ओळखीचा एक पोरगा पळताना पकडला गेला होता, त्याला घोड्याच्या शेपटीला बांधून परत आणलेलं आणि पाय खोड्यात अडकवलेले, हे डोळ्यांनी बघूनसुद्धा किंग एका रात्री ओहोटीच्या वेळी नदीत उतरून पलीकडे गेला आणि पुढे एका बोटीची दोरी कापून इंग्रजांच्या ताब्यातल्या स्टेटन आयलंडला पोचला. तो नदीत असताना पहारेकरी एकमेकांत वाद घालत होते, बोट दिसली की नाही यावरून.

आता तुझ्या वॉशिंग्टनबद्दल. 1781 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचं जहाज माउंट व्हर्ननला लागलं आणि त्यांच्या इस्टेटीवरचे सतरा गुलाम त्यावर चढून निघून गेले, त्यात डेबोरा नावाची सोळा-एक वर्षांची मुलगी होती. कारभाऱ्याने इंग्रजांना खायला-प्यायला देऊन गोडीत घेतलं म्हणून वॉशिंग्टनसाहेब त्याच्यावर भडकले, त्यापेक्षा घर जाळलं असतं तर बरं असं त्यांनी लिहिलं. स्वातंत्र्यासाठीच लढत होते ते, आणि युद्ध संपल्यावर 1783 ला पळालेले गुलाम परत द्या म्हणून इंग्रज सेनापती कार्लटनशी बोलणी करायला बसलेही तेच! कार्लटनने दिले नाहीत, जवळजवळ तीन हजार जणांची नावं वहीत लिहून त्यांना जहाजाने नेलं. किंगचं नाव आहे त्यात, डेबोराचंही.

अमेरिकनांच्या बाजूने राहिलेल्यांचं काय झालं विचारशील तर व्हर्जिनियाचा जेम्स बघ. हाही गुलामच, अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनापती लाफायेतसाठी थेट इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत राहून याने हेरगिरी केली, पण शिपाई नव्हता, हेर होता, म्हणून सैनिक-गुलामांना सोडणारा कायदा त्याला लागूच पडेना. लाफायेतने स्वतः शिफारसपत्र दिलं तरी सुटका व्हायला 1787 उजाडलं. इतकी निष्ठा दाखवूनही!

म्हणजे इंग्रज फार थोर होते असं मी म्हणत नाहीये हं. 1781 ला यॉर्कटाऊनच्या वेढ्यात अन्न संपल्यावर त्यांनीच आजारी काळ्या लोकांना तटाबाहेर हाकलून दिलं. जहाजाने नेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात उपासमार झाली, मग 1792 ला हजारावर लोक आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले, तिथे पोचल्यावर काही आठवड्यांतच किंगची बायको व्हायोलेट तापाने गेली. हॅरी वॉशिंग्टन म्हणून एक होता, तोही माउंट व्हर्ननहूनच 1776 ला पळालेला, 1800 साली सिएरा लिओनचा कारभार बघणाऱ्या इंग्रज कंपनीने जमिनीवर कर लावला तर तो त्यांच्याविरुद्धही उठला आणि हद्दपार झाला. त्यालाही तू फितूरच म्हणशील का?

पुढच्या वर्षी आम्ही आलो की मला किंगच्या त्या नदीकाठी ने, बाबांना काय तो मॉल बघू दे. आणि मेतकूट संपलं असेल तर सांग, शेजारच्या काकू येतायत तिकडे, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी,
आई