दिसतोय का, काका?

प्रिय जिरावण,

तुझं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुला आवडायचं नाही आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही, कारण तिच्या समजुतीप्रमाणे रात्री नऊ ते अकरा तू अभ्यासाच्या ग्रुपवर असतोस. इंदूरच्या पोरानं स्वतःला पोह्यावर भुरभुरायच्या मसाल्याचं नाव घ्यावं, हे मात्र शोभतं. माझं नावही तूच ठेवलंस. गजक, आमच्याकडची तीळगुळाची कुरकुरीत मिठाई. "तुम्ही ग्वाल्हेरचे ना काका? आणि हात लागला की तुटता."

कॉम्प्युटरवरच्या विमानांच्या खेळात तू मला लढायला शिकवलंस, त्याबद्दल तोंडी आभार मानायला गेलो की तू "चला काका, टेकऑफ घ्या" म्हणून मला वाटेला लावतोस. म्हणून चार लोकांत लिहितोय. काल रात्रीनंतर मला नीट झोप लागलेली नाही आणि आज दुपारी एका किराणावाल्याच्या रिटर्नमध्ये मी खरेदीच्या रकान्यात विक्री भरून ठेवली. तेव्हा हे एकदाचं लिहून मोकळा होतो.

ग्वाल्हेरच्या माणसाला विमानाचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. १९८५ साली मिराज २००० ही लढाऊ विमानं वायुसेनेच्या महाराजपुऱ्याच्या तळावर आली, तेव्हा मी सातवीत होतो. गोला का मंदिरजवळ आत्याचं घर. गच्चीवर पापड वाळत घातलेले आणि आम्ही पोरं मान मागे टाकून उभी. आवाज जिकडून यायचा तिकडे विमान कधीच नसायचं, ते केव्हाच पुढे गेलेलं असायचं. नववीत चष्मा लागला आणि वायुसेनेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आता वय बावन्न, दौलतगंजातल्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. पन्नाशी झाली तेव्हा मुलीनं पुण्याहून जॉयस्टिक पाठवली. डीसीएस या लढाऊ विमानं उडवण्याच्या खेळात मी सगळ्यात आधी कोणतं विमान विकत घेतलं असेल ते सांगायला नको. मिराज.

हवाई डावपेच शिकवणारी वायुसेनेची टॅकडी ही संस्था आमच्याच गावात आहे. मुरलेले वैमानिक तिथे पुन्हा विद्यार्थी होऊन येतात. आणि मी शिकलो कोणाकडून, तर पाचेकशे किलोमीटरवरच्या एकोणीस वर्षांच्या पोराकडून. (गंमतीनं म्हणतोय. त्यांचं ते जिवावरचं काम, आपला हा खेळ. २०१९ च्या फेब्रुवारीत इथून उडालेली मिराजं बालाकोटला जाऊन आली, हे आम्हाला सकाळी टीव्हीवरून कळलं. आपण पडलो की दुसरं विमान मिळतं. हा फरक तूच मला दोनतीनदा सुनावला आहेस.)

तू भेटायच्या आधीचे सात महिने मी विसरणार नाही. एका ग्रुपवर विचारलं, समोरच्याच्या मागे जायचं कसं? उत्तर आलं, आधी व्हिडिओ बघा. बघितले. मग हिंमत करून ऑनलाइन लढाईत उतरलो, तर धावपट्टीवरच मला कुणीतरी उडवलं. दुसऱ्यांदा उतरलो, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा तो माइकवर हसून म्हणाला, "अंकल, लूडो खेला करो." बरं, हा निदान फुकट होता. दुसऱ्या एका उस्तादांनी तीन तासांच्या शिकवणीचे पैसे आगाऊ घेतले आणि तिन्ही तास स्वतःच्या शिकारींची रेकॉर्डिंग दाखवली. मी मधेच धीर करून म्हटलं, "सर, मला तुम्ही दिसतच नाही हो. एक वळण घेतलं की गायब." त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलंसुद्धा नाही. "येईल सवयीनं."

कशी येणार? जे दिसतच नाही त्याची सवय कशी करतात?

तू मला पहिल्यांदा पाडलंस तेव्हा माझा माइक चुकून चालू राहिला होता. मी खोलीत एकटाच, मराठीत पुटपुटत होतो, "अरे, गेला कुठे हा!" आणि हेडफोनमध्ये शांतपणे आवाज आला, "इथेच आहे काका. तुमच्या मागे." दचकून चहा सांडला होता माझा. तुला तेव्हा सांगितलं नाही, कीबोर्डचं स्पेसबार अजून चिकटतं.

मग तू विचारलंस, अडचण काय आहे. सात महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, दिसत नाही. तू हसला नाहीस, व्हिडिओ बघा म्हणाला नाहीस. म्हणालास, "मिराज ठेवून द्या. उद्या टीएफ-५१ घेऊन या. फुकट मिळतं, आणि त्याला बंदूकच नाही."

दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग, आणि तेही बिनबंदुकीचं! मला जरा अपमानच वाटला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आलो, तर तूही तेच घेऊन हजर. म्हणालास, "मी पुढे उडतो. तुम्ही मला मारायचं नाही, गाठायचं नाही, काही करायचं नाही. फक्त माझ्याकडे बघत राहायचं." आणि तू निघालास. आधी सरळ, मग सावकाश डावीकडे, मग उजवीकडे. दर पंधरावीस सेकंदांनी तुझा तोच प्रश्न, "दिसतोय का, काका?" मी म्हणायचो, हो. मग, "आता?" हो. "आता?" आणि मी गप्प.

गप्प झालो की तू पंख हलवायचास.

हे मला नीट लिहायचं आहे, कारण बाकीचं सगळं यापुढे दुय्यम आहे. विमान मागून किंवा समोरून बघितलं की पडद्यावर एक टिपका उरतो, माशीएवढासुद्धा नाही. माझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून तो टिपका आणि पडद्यावरची धूळ यांत काही फरक नव्हता. (पडदा पुसून बघितला आहे मी, लढाई चालू असताना.) पण विमान एका अंगावर कललं की पंखांची सगळी पाठ दिसते, तिच्यावर ऊन पडतं आणि चमकतं. तू डावीकडे कलायचास, उजवीकडे कलायचास, परत सरळ. कुठे गर्दीत हरवलेल्या म्हाताऱ्याला लांबून हात वर करून दाखवतात ना, तसं. मी म्हणायचो, "दिसलास." तू म्हणायचास, "बरं." आणि पुन्हा सुरू.

चाळीस मिनिटं. मी मोजलं नाही, उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या टॅकव्ह्यूच्या रेकॉर्डिंगमध्ये नंतर बघितलं. चाळीस मिनिटांत तू बावीस वेळा पंख हलवलेस. हवाई लढाईत पडलेल्या बहुतेकांना त्यांना पाडणारा दिसलेलाच नसतो, असं वैमानिक पहिल्या महायुद्धापासून सांगत आले आहेत. म्हणजे या खेळाची सगळी विद्या न दिसण्याची. सूर्याआड जा, ढगाआड जा, पोटाखालून ये. आणि तू त्या विद्येत पक्का असून एका अनोळखी माणसासाठी चाळीस मिनिटं दिसत राहिलास. पेपर तोंडावर असताना.

पुढचं शिकवणंही आठवतंय, पण ते इथे सगळं लिहीत बसत नाही. एक मात्र सांगतो, माझ्या धंद्यातल्या लोकांना आवडेल. ऊर्जा म्हणजे काय हे मला कळेना, तेव्हा तू म्हणालास, "काका, तुम्ही हिशेब लिहिता ना? मग उंची म्हणजे मुदत ठेव. वेग म्हणजे खिशातली रोकड. इंजिन म्हणजे पगार, तो ठरलेलाच येणार. आणि प्रत्येक जोराचं वळण म्हणजे खर्च." सात महिन्यांचं धुकं त्या एका वाक्यात गेलं. समोरच्याच्या मागे लागताना वेग जास्त झाला आणि आपण त्याच्या पुढे निघून जाणार असं दिसलं, की ब्रेक लावून रोकड उधळायची नाही. नाक वर घ्यायचं, जादा रोकड ठेवीत टाकायची आणि तो खाली वळत असताना वरून परत उतरायचं. याला हाय यो-यो म्हणतात, हे नाव तू मला आठवड्यानं सांगितलंस. आणि मिराजचे ते तिकोनी पंख? "क्रेडिट कार्ड, काका. स्टिक ओढली की पहिलं वळण असं झोकात मिळतं की बास. पण वेग बदाबदा खातं. दोनशे नॉटच्या खाली आलात की वसुलीवाले दारात." एवढ्या महिन्यांत मी प्रत्येक लढाईत पहिल्याच वळणाला कार्ड घासत होतो.

चौथ्या की पाचव्या दिवशी आपण दोघं मिळून कॉम्प्युटरच्या एकाच विमानामागे लागलो आणि मी सरळ तुझ्या पंखावर आदळलो. दोघंही खलास. मी माफी मागत सुटलो. तू म्हणालास, "अहो, बोल्केसुद्धा असाच गेला." मग तासभर गोष्ट. ओस्वाल्ड बोल्के, पहिल्या महायुद्धातला जर्मनीचा वैमानिक. लढायचं कसं याचे पहिले नियम त्यानं १९१६ मध्ये नवख्यांसाठी लिहून ठेवले: सूर्य पाठीशी ठेव, शत्रूवरची नजर काढू नकोस, असे आठ. 'रेड बॅरन' म्हणून गाजलेला रिश्टहोफेन त्याच्या हाताखाली तयार झाला. आणि त्याच ऑक्टोबरात शत्रूचा पाठलाग करताना सोबत्याच्याच विमानाला त्याचा पंख घासला आणि तो गेला. नियम लिहिणारा माणूस पंचविसाव्या वर्षी. तू हे सांगताना हसत नव्हतास. त्या दिवसापासून मी कुणाच्या मागे लागलो की आधी बोलतो, "मी डावीकडून आहे रे." घरात बायकोला वाटतं, मी फोनवर कुणाला पत्ता सांगतोय.

आमच्या गावाला शिकवण्याची किंमत जरा जास्त कळते. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा केवढ्या हालअपेष्टा सोसून वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. लहानपणी आमच्या शेजारी गाणं शिकवणारे एक मास्तर होते. विद्यार्थ्याचा सूर लागेना की ते ओरडत नसत, आपला आवाज बारीक करून तोच सूर धरून बसत. पोरानं येऊन त्याला लागावं म्हणून. स्वतः गाऊन दाखवणारे पुष्कळ असतात, टाळ्याही त्यांनाच मिळतात. असा सूर धरून बसणारे फार थोडे बघितले मी. दुकानांत, बँकेत, साध्या आरटीओच्या खिडकीवरसुद्धा "तुम्हाला एवढंही कळत नाही?" म्हणणारे भेटतात. "काय दिसत नाही?" असं विचारणारा एखादाच. भेटला की माणूस घरी येऊन जेवताना सांगतो. मी सांगितलं. बायको म्हणाली, "त्याला फराळाचं पाठवा काहीतरी." ते खाली लिहितो.

आता काल रात्रीचं. आपण दोघंही मिराजमध्ये, फक्त तोफा, संध्याकाळची वेळ लावलेली. पहिल्या वळणाला मी कार्ड खिशातच ठेवलं. दुसऱ्याला तू माझ्या पुढे निघालास, आणि मी वर जाऊन खाली आलो तेव्हा तू माझ्या काचेत होतास, अख्खा, पंख पसरलेला. मी चाप ओढला आणि गोळ्या तुझ्या शेपटीमागून गेल्या. पण दिसत होतास! सलग दिसत होतास, मिनिटभर तरी. मग तू नाक उचलून थेट सूर्यात गेलास आणि मला सगळं पिवळं झालं.

मी काय केलं सांगू? मी विमान सरळ केलं आणि वाट बघत बसलो. सवयीनं. आता चमकेल, आता डावीकडे कलेल, आता विचारेल. दोन सेकंद. तीन.

पंख हलले नाहीत. विचारलंही नाहीस. माझी काच फुटली, लाल दिवे लागले, आणि मिराज खेळातल्या कॉकेशसच्या डोंगरात गेलं.

मी खोलीत एवढ्या मोठ्यानं हसलो की बायको उठून आली. काय झालं म्हणून विचारलं. म्हटलं, पाडलं मला त्यानं. खरंखुरं पाडलं. ती दिवा मालवून निघून गेली.

त्याबद्दलही आभार, पोरा. बावीस वेळांबद्दल जेवढे, तेवढेच कालच्या एका न हलवलेल्या पंखाबद्दल.

पंधरा तारखेपासून तुझी परीक्षा आहे. ती संपेपर्यंत मी लॉगिन करणार नाही, तूही करू नकोस. संपली की ये. मी सूर्य पाठीशी घेऊन बसलेला असेन.

तुझा,
गजक काका
लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. गजकेचा डबा आज कुरिअरनं टाकला आहे. आईनं विचारलं तर अभ्यासाच्या ग्रुपवरच्या काकांनी पाठवला म्हणून सांग. पोचेपर्यंत तुटलेली असेल, त्याला इलाज नाही.