शनिवारी हॅलोविनची कार्डं : येताना काय आणायचं

मंडळी, शनिवारी दुपारी २ वाजता, नेहमीच्याच जागी. ३१ ऑक्टोबरच्या आत कार्डं पोहोचायची तर याहून उशीर नको.

लेटर साइझचा (साडेआठ बाय अकरा इंच) जाड कागद मधोमध कापून घडी घातली की सव्वाचार बाय साडेपाच इंचाचं कार्ड होतं. ते घरूनच कापून आणा; गेल्या वेळी एका कटरपाशी रांग लागली होती.

चेटकीण, मांजर, भूत हे ठसे माझ्याकडे आहेत. अल्कोहोल मार्करने रंगवणार असाल तर ठसा मेमेंटोच्या काळ्या शाईने उठवा, नाहीतर मांजरीच्या मिशा फिसकटतात.

आभाळासाठी डिस्ट्रेस इंक (ब्रशने कागदावर पसरवून रंग एकमेकांत मिसळायची शाई). चंद्राच्या जागी आधी स्टिकी नोटचा गोल चिकटवा, मग पिवळा, नारिंगी आणि कडेला जांभळा. ब्रश थेट कागदावर टेकवायचा नाही, खालच्या मॅटवरून हलक्या हाताने गोल फिरवत आत आणायचा. एकदा डाग बसला की बसलाच. नारिंगी-जांभळं फार घोळवलंत तर आभाळाचा चिखल होतो (माझी दोन कार्डं साक्षीला आहेत).

फोम टेपने भूत उचलून चिकटवलंत तर लिफाफा जाड होतो, एक तिकीट पुरत नाही.

प्रत्येक रंगाला ब्रश वेगळा. माझ्याकडे तीनच आहेत, जास्तीचे असतील त्यांनी आणा आणि गुरुवारपर्यंत कळवा.