शिकाऊ हातांवर लक्ष ठेवताना

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शिकणाऱ्यांच्या हाती पेशंट कसा देता, असं तुम्ही फोनवर विचारलंत. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात. इथे अमेरिकेत त्याचं शिक्षण घेतलेल्या नर्सही देतात. ते शिकायला आलेल्या नर्सना मी शिकवते. ही मुलं कोरी नसतात. आयसीयूत किमान वर्षभर काम केल्यावरच प्रवेश मिळतो, आणि पास होण्याआधी किमान 600 केसेस आणि 2,000 तास भरावे लागतात. एका शिक्षकाकडे एका वेळी जास्तीत जास्त दोन विद्यार्थी. नवखा असेल तर एकच.

सकाळी भुलीचं मशीन तपासलेलं, घशातला स्राव ओढून घेणारं सक्शन चालू, हाताने दाबून श्वास देण्याची अँब्यू बॅग हाताशी. मग माझा ठरलेला प्रश्न: "श्वासनलिकेत नळी गेली नाही तर काय करणार?" उत्तर आल्याशिवाय औषध टोचायचं नाही.

आधी मास्क घट्ट धरून तीन मिनिटं ऑक्सिजन. दाढीवाल्यांचा मास्क गळतो, म्हणून घड्याळापेक्षा उच्छ्वासातला ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या आसपास आला का, ते बघायचं. पेशंट झोपला की लॅरिंगोस्कोप, म्हणजे जीभ उचलून घसा दाखवणारं मूठ-पात्याचं उपकरण, डाव्या हातात. नवखा इथे मनगट वाकवतो, पातं पहारीसारखं वरच्या दातांवर टेकतं आणि दात तुटतो. उपकरणाची मूठ जिकडे रोखलेली, तिकडेच वर-पुढे उचलायचं. मी उजवीकडे नळी धरून उभी असते. हात शिवशिवतात, पण लगेच हिसकावून घेतलं तर तो कधीच शिकणार नाही. मात्र बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा शरीराच्या मागे धावतो. तो घसरायची वाट बघत बसले तर उशीर झालेला असतो. म्हणून 94 दिसले की "थांब, मास्क" म्हणायचं, आणि त्याने लगेच थांबायचं. हे आधीच ठरलेलं असतं.

नळी श्वासनलिकेत गेली हे मॉनिटरवरची उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट सांगते. अन्ननलिकेत गेली तरी एकदोन लाटा उमटतात, मग विरतात. म्हणून सहासात श्वास बघायचे. नळीवरचा खोलीचा आकडा दातांपाशी बाईला साधारण 21, पुरुषाला 23 सेंटिमीटर हवा. जास्त आत गेली तर एकट्या उजव्या फुप्फुसात हवा जाते.

नळी काढतानाची घाई मला जास्त भिववते. पेशंटने डोळे उघडले, मान उचलली, एवढ्यावर मुलं खूश होतात. पण स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल तरीही उरलेला असू शकतो. मनगटापाशी विजेचे चार हलके झटके देऊन अंगठा किती हलतो ते मोजायचं. चौथी हालचाल पहिलीच्या निदान 0.9 पट असल्याशिवाय नळी निघत नाही.

आई, तुझा वरचा दात हलतोय ना? गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ते नक्की सांग. भूल कमरेतून द्यायची ठरली असली तरी सांग, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

तुमची,
ताई