चांदीचं पाणी पिऊन 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्यांसाठी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी कोलॉइडल सिल्व्हरवर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं जे पाणी लोक चांदीचं पाणी म्हणून पितात त्यावर, एक छोटा मजकूर आला होता. इम्युनिटी वाढते, सर्दीपासून कुठल्याही इन्फेक्शनपर्यंत सगळ्यावर चालतं, नॅचरल आहे म्हणून साइड इफेक्ट नाहीत वगैरे वगैरे, आणि खाली दोघा-तिघांचे अनुभव की आम्ही कधीपासून घेतोय, काहीसुद्धा झालं नाही. मजकुरातले दावे खोटे आहेत हे तर झालंच, पण माझं भांडण जास्त त्या अनुभवांशी आहे, कारण लोक दावे विसरतात आणि 'अमक्याला काही झालं नाही' एवढंच लक्षात ठेवतात.

चांदी पोटात गेली की बरीचशी बाहेर पडते पण थोडी शरीरात मुरते, आणि ही थोडी-थोडी साठत जाते. दुखत नाही, खाजत नाही, ताप येत नाही. महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही आणि मग चेहरा राखाडी-निळसर दिसायला लागतो. याला आर्जिरिया म्हणतात. म्हणजे वर्षभर घेऊन काही झालं नाही याचा अर्थ फक्त एवढाच की अजून दिसलेलं नाही, त्यावरून औषध सेफ आहे असं कसं काय ठरवता?

मी केमिस्ट्री शिकवायचो. प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की आधी काहीच कळत नाही, पोरं हात न धुताच घरी जातात आणि नंतर बघतात तर बोटावर काळा डाग, साबणाने घासा नाहीतर दगडाने, जात नाही. उजेडाने त्या क्षारातली चांदी सुटी होऊन काळी पडते, जुन्या फोटोच्या फिल्मवर व्हायचं तेच. पण बोटावरचा डाग वरच्या कातडीत असतो, ती कातडी झडली की थोड्या दिवसांत डागही गेला. आर्जिरियात चांदी आतून येते आणि खालच्या थरात, घामाच्या ग्रंथींच्या आसपास जाऊन बसते, तो थर झडत नाही. म्हणून रंग राहतो तो राहतोच. चेहरा, मान, हात अशा उन्हात राहणाऱ्या भागावर जास्त, कपड्याखाली कमी. सुरुवात बऱ्याचदा हिरड्यांवर किंवा नखाच्या मुळाशी जो पांढरट अर्धचंद्र असतो ना, त्यावर दिसते, तो निळसर होतो. ओठ-चेहरा निळा बघून घरचे घाबरतात की ऑक्सिजन कमी झाला, पण बोटाला मशीन लावलं तर आकडा नॉर्मल, आणि रुग्ण चांदीचं पाणी घेतो हे डॉक्टरला सांगतच नाही कारण त्याच्या लेखी ते औषधच नाही!

अमेरिकेत मोन्टाना राज्यात स्टॅन जोन्स नावाचे लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार 2002 साली सिनेटची निवडणूक लढले, त्यांच्या मतांपेक्षा चेहऱ्याच्या निळसर रंगाचीच चर्चा जास्त झाली. 2000 साल लागताच कॉम्प्युटर तारखांत घोळ घालून बंद पडतील आणि त्या गोंधळात अँटिबायोटिक मिळणार नाहीत या भीतीने त्यांनी घरीच चांदीचं पाणी बनवून प्यायला सुरुवात केली होती. तो गोंधळ काही झाला नाही, रंग मात्र राहिला.

घरी बनवण्याचं तर बोलूच नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, रोज आयुष्यभर पोटात गेली तरी चालेल अशी चांदीची मर्यादा वजनाच्या दर किलोला 0.005 मिलिग्रॅम धरलीये, आणि ती धरताना आर्जिरियाच समोर ठेवलाय. 60 किलोच्या माणसाला झाले 0.3 मिलिग्रॅम. 10 पीपीएमचं पाणी म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम, त्यातलं 30 मिली प्यायलात की कोटा संपला, आणि मशीनवर घरी काढलेलं पाणी 10 आहे का 100 हे पिणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

चांदी औषधात वापरतच नाहीत असंही नाही. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम डॉक्टर देतात, पण ते वरून लावायचं आणि देखरेखीखाली. पोटातून घेऊन फायदा होतो याला पुरावा नाही, शरीराला चांदीची गरजही नाही, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 1999 मध्येच सांगितलंय की दुकानातून थेट घ्यायच्या औषधांत कोलॉइडल सिल्व्हर सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. तरी सप्लिमेंट म्हणून विक्री चालूच, कोरोनात तर 2020 मध्ये विक्रेत्यांना नोटिसा द्यायची वेळ आली.

काही जण म्हणतात की जीवाला तर धोका नाही ना, रंगाचंच काय ते. रोज आरशात बघणाऱ्याला विचारा हे. शरीरातली धातू बाहेर काढायची औषधं इथे चालत नाहीत, एका प्रकारच्या लेसरने काही जणांचा रंग कमी झालाय खरा, पण वेदना आणि खर्च दोन्ही भरपूर आणि सगळ्यांना जमतंच असं नाही.

माझी मागणी साधी आहे. तो मजकूर जेवढ्या जागेत छापला तेवढ्याच जागेत, त्याच पानावर, हा रंग जात नाही हे छापा, आतल्या कोपऱ्यात खुलासा नको. आणि जे वाचक सध्या घेतायत त्यांनी आजच थांबावं, आणि थायरॉइडच्या किंवा टेट्रासायक्लिनसारख्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला चांदीचं पाणी घेत होतो हे आवर्जून सांगावं, कारण त्याने या गोळ्या अंगी लागणं कमी होऊ शकतं.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट्री शिक्षक