गाडी शिकायची गरज संपणार नाही, शिकवणं मात्र बदलायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नागपुरात बरीच वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत बायका आणि कॉलेजच्या मुली जास्त. अलीकडे चौकशीला येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. मुलीचं नाव घालायला आलेल्या एका वडिलांनी तो अगदी आपल्या नागपुरी पद्धतीनं विचारला : "मॅडम, बाहेरदेशात तर गाड्या स्वतःच चालून राहिल्या. पोरगी नोकरीला लागेपर्यंत इकडेही येतील. मग फी भरून कायले शिकवायचं?" प्रश्न रास्त आहे आणि तो बऱ्याच घरांत विचारला जात असणार, म्हणून उत्तर जाहीरपणे देते.

त्यांच्या म्हणण्यातलं अर्धं खरं आहे. नवशिक्याला सगळ्यात जास्त घाम फोडतो तो हाफ क्लच. रेल्वे पुलाच्या चढावर पुढची गाडी थांबली, मागे रांग लागली, की खरी परीक्षा. क्लच हळूहळू सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचलल्यासारखं झालं, तळपायाला पेडलची थरथर लागली की पाय तिथेच रोखायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. मागचे हॉर्न ऐकून भल्याभल्यांचा पाय निसटतो आणि गाडी बंद पडते. ऑटोमॅटिक गाडीत ही कटकटच नाही, इलेक्ट्रिकमध्ये तर क्लच नावाची वस्तूच नाही. चढावर गाडी मागे सरकू नये याची काळजीही बऱ्याच नव्या गाड्या स्वतः घेतात. हातापायांचं हे कसब काही वर्षांत मागे पडेल. पडू दे. त्यावर जाणारे दिवस मला नजर शिकवायला हवे आहेत.

नजर म्हणजे काय ते सांगते. मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडे दुचाकीवाले सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीपाशी थांबत नाहीत. मागे जिथे झाडाची सावली असेल तिथे थांबतात. पुढे भरपूर मोकळी जागा दिसते. नवीन शिकणारी कार तिथे नेऊन उभी करते आणि निवांत होते. सिग्नल सुटला की सावलीतला तो सगळा जथा डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी एकदम सुटतो, आणि हिला नेमकं तेव्हाच डावीकडे वळायचं असतं. म्हणून मी सांगते, उन्हाळ्यात सिग्नलला आधी आरसा बघ, मग सिग्नल बघ. इतवारीत हातगाडीवाला मान न वळवता कधी आडवा येईल, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महालाकडे कोणता रस्ता कधी तुंबेल, उलट्या बाजूनं येणारा शेवटच्या क्षणी कुठल्या अंगाला जाईल, हे कुठल्याच पुस्तकात नाही. रस्त्यावर पन्नास वेळा बघून ते डोळ्यांत बसतं.

यंत्राला हे कधीच येणार नाही असं मी म्हणत नाही. पण २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात काय झालं ते माझ्या मनातून जात नाही. उबरच्या स्वतः चालणाऱ्या, चाचणीच्या गाडीनं रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं, ती गेली. चौकशीत निघालं की यंत्रणेला ती साडेपाच सेकंद आधीच दिसली होती, पण यंत्रणा तिला कधी वाहन समजत होती, कधी सायकल, कधी नुसतीच कुठलीशी वस्तू. माणूस पट्टे सोडून भलतीकडून रस्ता ओलांडतो, हे तिच्या आखणीत धरलेलंच नव्हतं. आपल्याकडे तर बहुतेक माणसं तशीच ओलांडतात! आणि देखरेखीसाठी गाडीत बसवलेली चालक त्या वेळी मोबाइलमध्ये बघत होती.

तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं. अमेरिकेतल्या वेमो कंपनीच्या गाड्या फिनिक्समध्ये २०२० पासून चालकाची जागा रिकामी ठेवून सामान्य प्रवाशांना नेतात, सॅन फ्रान्सिस्कोतही धावतात. पण त्या धावतात ठरवून दिलेल्या, आधी बारकाईनं नकाशा काढलेल्या भागात. तशी सेवा उद्या धरमपेठेत आली, तरी रात्री काटोलला किंवा उमरेडला आईला बघायला निघालेल्या मुलीचं काय? कपाटात लायसन्स ठेवून वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसलेल्या कितीतरी बायका चाळिशीत माझ्याकडे येतात. कारण विचारलं तर सांगतात, अडीनडीला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. नकाशा संपेल तिथे थांबणाऱ्या गाडीनं त्यांची ही अडचण पुरती सुटत नाही.

माझ्या सासऱ्यांना डोळ्यांमुळे रात्रीची गाडी सोडावी लागली, तेव्हा ते किती गप्प झाले ते मी पाहिलं आहे. अशा वृद्धांना, अंधांना, अपंगांना चालकाविना चालणारी गाडी खरोखर हवी आहे, आणि ती लवकर यावी असं मला मनापासून वाटतं. आपले खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं जाहीर केलं आहे. लाखो चालकांच्या पोटाचा विचार करणं योग्यच आहे. पण त्यामुळे हा विषय लांबणीवर पडला, अशी समजूत करून घेण्यात धोका आहे, कारण अर्धी स्वयंचलित गाडी केव्हाच आपल्या पोर्चमध्ये येऊन उभी राहिली आहे.

शोरूममध्ये जिला 'एडास' म्हणतात ती हीच. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. आपल्याकडच्या एडासवाल्या गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. म्हणजे गाडी पट्ट्यात राहायला मदत करते, पुढच्या गाडीमागे वेग कमी-जास्त करते, धडक होणारसं दिसलं तर ब्रेक लावते, पण जबाबदारी सगळी चालकाची. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की याची मजा वाटते. पट्टे ठळक, समोर सरळ रस्ता. तासाभरात खांदे सैल पडतात, हात मांडीवर येतात. मग जोराची सर आली, किंवा कॅमेऱ्यावर चिखल उडाला, की गाडी एक आवाज करते आणि स्टिअरिंग परत तुमच्याकडे. तिसऱ्या पायरीवर मर्सिडीजनं जर्मनीत २०२२ मध्ये जी यंत्रणा आणली, तीही ताबा परत घ्यायला चालकाला दहा सेकंद देते. गाडी चालवायची सवयच मोडलेल्या माणसाला हे दहा सेकंद पुरतील का?

विमानांनी हा धडा घेतलेला आहे. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांत १ जून २००९ ला बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, हाती आलेलं विमान वैमानिकांना सावरता आलं नाही आणि २२८ माणसं गेली. ते शिकलेले, परवानाधारक वैमानिक होते. वैमानिकांना निदान सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा बसवून तपासतात. आपल्याकडे विसाव्या वर्षी मिळालेलं कारचं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, मध्ये कुणी काही विचारत नाही. आज मारुतीच्या जुन्या गाडीवर शिकलेली मुलगी त्याच लायसन्सवर दहा वर्षांनी कुठल्या गाडीत बसेल, हे मीही सांगू शकत नाही.

२०२३ मध्ये देशात रस्त्यांवर एक लाख ७२ हजारांहून जास्त माणसं मेली. जी यंत्रणा यातली काहीशे माणसंसुद्धा वाचवील, तिचं स्वागतच आहे. म्हणून माझं म्हणणं यंत्रणेविरुद्ध नाही, ती न शिकवता हातात देण्याविरुद्ध आहे. मान्यताप्राप्त केंद्रांसाठी २०२१ पासून हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा ठरलेला आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. त्यात एडास कुठे चालतं, कुठे दगा देतं आणि ताबा परत कसा घ्यायचा, याला दोन-तीन तास सक्तीचे करावेत. पक्क्या लायसन्सची परीक्षा मैदानातला आठचा आकडा आणि रिव्हर्स यांवर भागू नये, वाहत्या रस्त्यावर अर्धा तास तरी घ्यावी. आणि नव्या प्रकारची गाडी घेणाऱ्याची तिच्यावर छोटी का होईना उजळणी व्हावी, मग लायसन्स कितीही वर्षांचं शिल्लक असो.

शोरूमवाल्यांनाही एक विनंती. गाडी ताब्यात देताना हार होतो, पेढे होतात, सगळ्या घराचा फोटो होतो आणि एडासची ओळख पडद्यावर बोट फिरवून दोन मिनिटांत आटोपते. ती गाडी घरात रोज कोण चालवणार हे विचारा, त्या व्यक्तीला स्टिअरिंगवर बसवा आणि वर्धा रोडवर एक फेरी मारून हे सगळं तिला चालत्या गाडीत दाखवा.

आपली,
एक ड्रायव्हिंग प्रशिक्षिका, नागपूर