डुक्कर फियाट म्हणजे पद्मिनी नव्हे

महोदय,

जुन्या गाड्यांवरच्या लेखात डुक्कर फियाटचा फोटो आणि खाली ओळ 'प्रीमियर पद्मिनी' अशी छापून आली आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला नेमकी हीच गल्लत महागात पडते, म्हणून लिहीत आहोत.

पन्नासच्या दशकातली फियाट अकराशे तिच्या फुगीर नाकाडामुळे 'डुक्कर' झाली. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या. १९६४ ला डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तीच आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी झाली. या गाड्या बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्याने गाडीवरचे फियाट हे नाव काढले, लोकांच्या तोंडातून ते गेले नाही. त्यात बहुतेक गाड्यांत १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअर तसाच राहिल्याने सगळ्या एकच वाटतात.

ओळखायची ती दारावरून. डुक्करचे पुढचे दार उलटे उघडते, म्हणजे चारही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर. सारा भार तिथेच. पावसाळ्यात मॅटखाली मुरलेले पाणी त्या खांबाचा पाया खाते. दार अर्धे उघडून खालून उचलून पाहावे. नुसते बिजागर खडखडले तर पिन बदलून भागते. खांबच हलला तर पत्र्याचे मोठे काम निघाले समजा. रंग कितीही चकचकीत असो, मॅट उचलून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात फियाट बंद पडते, ती बहुधा पेट्रोल पंप तापून. पाइपात वाफ धरली की पंप पेट्रोल ओढत नाही. पंपावर ओले फडके ठेवणे हा तेवढ्यापुरता उपाय. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा मूळ जाडीचा स्पेसर, म्हणजे मधला जाड तुकडा, हवा. त्याऐवजी गॅस्केटवर (सांधा बंद करणारी पातळ चकती) गॅस्केट चढवली की पंपाचा दांडा पुरता दाबला जात नाही आणि पेट्रोल आणखी कमी येते.

कागदांचेही तसेच. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे व्हावी लागतात आणि चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मागाहून डिझेल इंजिन बसवलेली डिलाइट यात बसत नाही. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही विकणारे सहसा सांगत नाहीत.

फोटोखालची ओळ कृपया दुरुस्त करावी.

– जुन्या गाड्यांची कामे करणारे काही वाचक, वागळे इस्टेट, ठाणे