भांगाला उधाण कसं येईल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा आपल्या पहिल्या पानावर 'किनारपट्टीला उधाणाचा इशारा' अशी चौकट होती. ती मी शेजारच्या रापणकराला वाचून दाखवली. तो जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तरानू, आज अष्टमी. भांगाक उधाण खयसून येतला?" (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.) होडी होती तिथेच राहिली. पहाटे वाऱ्याची झुळूकही नसताना पाणी माडांच्या मुळांपर्यंत चढलं. होडी आडवी झाली, एक फळी फुटली.

चूक त्याची नव्हती. मूळ इशारा 'स्वेल'चा होता आणि आपल्याकडे भाषांतरात त्याचं उधाण झालं. उधाण चंद्राचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येणार, हे पंचांगावरून पोरंही सांगतात. स्वेलला तिथी नसते. पार दक्षिण हिंदी महासागरात वादळ होतं, तिथल्या लाटा पाच-सहा हजार किलोमीटर चालत पाच-सहा दिवसांनी आमच्या दारात येतात, तेव्हा इथलं आभाळ निवळशंख असतं. त्या पहाटे मी घड्याळ लावून पाहिलं : दोन लाटांमध्ये पंधरा-सोळा सेकंद. इथल्या वाऱ्याने उठणारी लाट पाच-सात सेकंदांत पाठोपाठ येते.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून थोडं शब्दाबद्दल. हे क्रियापद जुन्या इंग्रजीत 'स्वेलन' असं होतं. जर्मनमध्ये 'श्वेलेन', डचमध्ये 'झ्वेलेन' ही त्याची भावंडं. अर्थ सुजणे, फुगणे. जखम सुजते, नदी फुगते, माणूस गर्वाने फुगतो, सगळ्याला हेच क्रियापद. एकोणिसाव्या शतकात तर ऐटबाज कपडे करून मिरवणाऱ्याला इंग्रज 'स्वेल' म्हणत. (आमच्याकडे अशाला शेफारलेला म्हणतात, पण त्यात कौतुक नाही.) वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचं, सर, 'सुजणे' आणि 'स्वेल' एकच ना? नाही. संस्कृतात फुगण्यासाठी 'श्वि' हा वेगळा धातू आहे. त्यातून 'शून' म्हणजे फुगलेला आणि पुढे 'शून्य', फुगीर पण आतून पोकळ. गणिताचे मास्तर हे ऐकून माझ्यावर रागवत.

तर समुद्राचं हे फुगणं मराठीत कसं लिहायचं? 'फुगवटा' छान होता, पण तो धरणवाल्यांनी कधीच नेला. 'सुजलेल्या लाटा' असंही एकदा कुठेतरी वाचलं, त्यावर न बोललेलं बरं. केरळच्या मच्छीमारांकडे स्वतःचा शब्द आहे, 'कल्लक्कडल', म्हणजे चोर समुद्र. २०१२ साली युनेस्कोने तो स्वीकारला. आपण निदान 'स्वेल' तसाच ठेवून पुढे एक ओळ घालावी : वारा नसला, भांग असला तरी होड्या वर ओढा.

रापणकराला मी हे सगळं समजावलं. फळी ठोकता ठोकता तो म्हणाला, "मगे 'भायल्या दर्याचा पाणी' असा सरळ लिवा ना." मला तरी याहून चांगलं सुचलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
देवबाग, ता. मालवण